अपस्मारातील आकस्मिक मृत्यू व त्याविषयीचा संवाद

अपस्मार (फेफरे, मिरगी, फिट येणे) असलेल्या व्यक्तीला एरव्ही प्रकृती बरी असताना, अपघात, बुडणे किंवा दुसरे उघड कारण नसताना एकाएकी येणाऱ्या मृत्यूला ‘अपस्मारातील आकस्मिक मृत्यू’ म्हणतात. मृत्यू कोणी पाहिलेला असो वा नसो, त्यापूर्वी झटका आल्याचा पुरावा मिळो वा न मिळो, शवपरीक्षेत मृत्यूचा उलगडा करणारा शारीरिक दोष अथवा विष आढळले नाही, तर तो मृत्यू या वर्गात मोडतो. न थांबता चालू राहणाऱ्या झटक्यांमुळे (अविरत अपस्मार) आलेला मृत्यू यातून वगळतात. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय वाङ्‌मयात हा प्रकार ‘सुडेप’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. हा धोका अल्प आहे, पण खरा आहे आणि बऱ्याच अंशी कमी करता येण्याजोगा आहे. त्यामुळे तो रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना कोणी, केव्हा व कोणत्या शब्दांत सांगावा, हा प्रश्न शिष्टाचाराचा न राहता उपचाराचाच एक भाग ठरला आहे. प्रस्तुत नोंदीत या प्रश्नाचा विचार मुख्यतः नागपूर व विदर्भ यांच्या संदर्भात केला आहे. [→ अपस्मार].

इतिहास : अपस्मार म्हणजे स्मृतीचा लोप. चरकसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात या विकारावर स्वतंत्र अध्याय आहेत. चिकित्सेच्या अध्यायात अशा रुग्णाला पाणी, अग्नी, वृक्ष, पर्वत व उंचसखल जागा यांपासून नेहमी जपावे, कारण ही स्थाने तत्काळ प्राण घेणारी ठरतात, असे सांगितले आहे. हा उपदेश आकस्मिक मृत्यूच्या आजच्या व्याख्येत बसत नाही; तो अपघाती मृत्यूविषयी आहे. तथापि धोका आणि तो टाळण्याचा मार्ग एकाच वाक्यात सांगण्याची त्यातील रीत लक्षात घेण्यासारखी आहे.

आधुनिक वैद्यकात जी. एम. बेकन यांनी १८६८ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकात अपस्मारातील मृत्यूच्या प्रकारांचा ऊहापोह केला. अमेरिकेतील विल्यम स्प्रॅट्‌लिंग यांनी १९०४ च्या सुमारास, अपस्माराचा एखादाच अल्पकालीन झटका पूर्वसूचना न देता प्राण घेऊ शकतो, असे आपल्या रुग्णांवरून नमूद केले. पुढे परिणामकारक औषधे आली आणि झटका हा स्वतः जीवघेणा नसतो हा समज वैद्यकीय शिक्षणात दृढ झाला. १९९० नंतरच्या दशकात या विषयाकडे पुन्हा लक्ष गेले, ते काही अंशी मृतांच्या नातेवाइकांमुळे. ब्रिटनमध्ये अशा शोकग्रस्त कुटुंबांची संघटना १९९५ मध्ये स्थापन झाली. ‘हा धोका आम्हाला कोणीच का सांगितला नाही?’ हा तिचा मूळ प्रश्न होता. २००२ मध्ये तेथे अपस्मारसंबंधित मृत्यूंचा राष्ट्रीय पातळीवर आढावा घेण्यात आला व त्यांपैकी बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे होते असे दिसून आले. २००४ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूत्रांत या धोक्याची माहिती रुग्णाला देण्याची शिफारस समाविष्ट झाली. २०११ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे दोन तरुण मुलींच्या मृत्यूंची न्यायिक चौकशी झाली; बहुसंख्य रुग्णांना निदानाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच ही माहिती द्यावी, असा तिचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील तंत्रिकावैज्ञानिकांच्या व अपस्मारतज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये अशाच स्वरूपाची सूत्रे प्रसिद्ध केली.

प्रमाण : २०१७ च्या अमेरिकन सूत्रांनुसार अपस्मार असलेल्या प्रौढांत हा मृत्यू वर्षाला दर हजारी सु. एकास, तर मुलांमध्ये दर साडेचार हजारांत सु. एकास येतो. त्यानंतर स्वीडन व कॅनडा येथे झालेल्या पाहण्यांत मुलांमधील प्रमाण प्रौढांच्या जवळपास आढळले. म्हणून मुलांना हा धोका नाही असे समजणे बरोबर नाही. वरील आकडा सरासरीचा आहे. औषधांनी ज्यांचे झटके पूर्णपणे थांबले आहेत, त्यांना धोका फार कमी असतो. ज्यांचे मोठे झटके आटोक्यात नाहीत, त्यांना तो कित्येक पटींनी अधिक असतो.

भारतातील विविध पाहण्यांचे १९९९ मध्ये एकत्रित विश्लेषण करण्यात आले. त्यानुसार अपस्माराचे प्रमाण लोकसंख्येच्या दर हजारी सु. ५·६ इतके येते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाखांहून अधिक होती. या हिशेबाने जिल्ह्यात अपस्माराचे सु. २६,००० रुग्ण असावेत आणि दर हजारी एक हे प्रमाण धरल्यास वर्षाकाठी वीस-पंचवीस घरांत असा मृत्यू होत असावा. ही प्रत्यक्ष मोजणी नसून केवळ अंकगणिती अंदाज आहे. प्रत्यक्ष मोजणी अवघड असण्याचे कारण उघड आहे : रात्री घरी झोपेत आलेल्या मृत्यूची शवपरीक्षा बहुधा होत नाही. भारतात नोंदल्या गेलेल्या एकूण मृत्यूंपैकी ज्यांचे कारण वैद्यकीय रीत्या प्रमाणित झाले, त्यांचे प्रमाण २०२० साली एक-चतुर्थांशाहूनही कमी होते. त्यामुळे ‘झोपेतच गेला’ या एका वाक्यावर पुष्कळ मृत्यूंची नोंद संपते.

कारणमीमांसा : अपस्माराच्या अनेक प्रकारांपैकी, संपूर्ण शरीर ताठ होऊन शुद्ध हरपते व नंतर हातपाय जोराने झाडले जातात, तो प्रकार (यापुढे ‘मोठा झटका’) या मृत्यूशी सर्वाधिक निगडित आहे. अशा झटक्यानंतर मेंदूचे कार्य काही काळ मंदावते व या काळात श्वसनाचे नियंत्रणही क्षीण होऊ शकते. रुग्णालयातील सतत चित्रण व विद्युत् मस्तिष्कालेखन चालू असलेल्या कक्षांत घडलेल्या मृत्यूंचा अनेक देशांतून माहिती गोळा करून अभ्यास करण्यात आला व तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक मृत्यूंचा क्रम सारखाच आढळला : रात्रीची वेळ, मोठा झटका, त्यानंतर मेंदूतील विद्युत् व्यापार जवळजवळ शांत होणे, श्वास थांबणे आणि शेवटी हृदय बंद पडणे. मृतांपैकी बहुतेक पालथे पडलेले आढळले. शेवटचा श्वास हृदयाच्या शेवटच्या ठोक्यापूर्वी थांबतो, ही गोष्ट कुटुंबीयांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण झटक्यानंतरच्या त्या काही मिनिटांत जवळ कोणी असेल, तर रुग्णाला हलवून, कुशीवर वळवून व त्याच्या श्वासाकडे लक्ष देऊन मदत करता येते. काही आनुवंशिक प्रकारच्या अपस्मारांत हृदयाची लय बिघडणे हेही कारण असू शकते.

धोका वाढविणाऱ्या गोष्टी : वर्षाला तीन किंवा अधिक मोठे झटके येणाऱ्या रुग्णाला हे झटके न येणाऱ्या रुग्णाच्या तुलनेने सु. पंधरा पट धोका असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या पाहणीत, आदल्या वर्षात एक जरी मोठा झटका आला असेल, तर धोका सु. २७ पट आणि असे झटके येणारी व्यक्ती रात्री एकटी झोपत असेल, तर सु. ६७ पट वाढलेला आढळला. केवळ किरकोळ झटके येणाऱ्या रुग्णांत मात्र अशी वाढ दिसली नाही. झटके रात्री झोपेत येणे, औषध मध्येच बंद करणे किंवा डोस चुकविणे, अपुरी झोप व मद्यपान यांमुळे मोठ्या झटक्यांची शक्यता व पर्यायाने धोका वाढतो. हा मृत्यू विशेषतः विशी ते चाळिशी या वयातील तरुणांत आढळतो.

नागपूर व विदर्भ : नागपूर हे मध्य भारतातील उपचारांचे मोठे केंद्र आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (स्थापना १९४७), इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेयो रुग्णालय), २०१८ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस व अनेक खाजगी रुग्णालये येथे तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) विकारांवर उपचार होतात. येथील तंत्रिकाविकारतज्ञ चंद्रशेखर मेश्राम यांनी इंडियन ॲकॅडेमी ऑफ न्यूरॉलॉजी या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपद भूषविले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळ या जिल्ह्यांतून, तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या भागांतून रुग्ण येथे येतात. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाचे सिरोंचा नागपूरपासून तीनशे किमी.हून अधिक दूर आहे. इतक्या लांबून आलेल्या कुटुंबाच्या वाट्याला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरची काही मिनिटेच येतात आणि पुढची भेट महिन्या-दोन महिन्यांनी, पेरणीच्या दिवसांत तर त्याहूनही उशिरा होते. दरम्यान गोळ्या संपल्या, तर ‘आता फिट येत नाही’ म्हणून त्या पुन्हा आणल्या जात नाहीत. गोंडी, माडिया किंवा हिंदी बोलणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत दुभाष्याचे काम बहुधा नातेवाईकच करतो व कठीण वाक्य वाटेतच मवाळ होऊन रुग्णापर्यंत पोहोचते.

या प्रदेशाच्या राहणीत संरक्षण करणाऱ्या आणि धोका वाढविणाऱ्या अशा दोन्ही गोष्टी आहेत. एकाच खोलीत चार-पाच जण झोपण्याची रीत ही रात्रीची आपोआप होणारी राखण असते. तोच तरुण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी अथवा हिंगणा, बुटीबोरी येथील कारखान्यांतील कामासाठी नागपुरात भाड्याची खोली घेऊन राहू लागला, की ही राखण नाहीशी होते आणि आजार लपविण्याची गरज मात्र वाढते. उन्हाळ्यात गच्चीवर एकट्याने झोपणे, कोजागरीचे किंवा लग्नघरातील जागरण, कोराडीच्या नवरात्रयात्रेत वा दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या प्रवासात औषधाची वेळ चुकणे, उपवासाच्या किंवा रोजाच्या दिवशी गोळी न घेणे हे सर्व प्रसंग रुग्णाशी बोलताना नावानिशी विचारात घ्यावे लागतात. ‘जागरण टाळा’ या सर्वसाधारण उपदेशापेक्षा ‘कोजागरीला गोळी घेऊन वेळेवर झोपा’ हे सांगणे अधिक उपयोगी पडते. उपवास करणाऱ्याला पाण्याबरोबर गोळी घेतल्याने व्रत मोडत नाही हे घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून सांगितले गेले, तर ते पटते. रोजा पाळणाऱ्याला औषधाच्या वेळा सहरी व इफ्तार यांना जुळवून देता येतील का, हे डॉक्टरने आधीच पाहावे लागते.

मौनाची कारणे : धोका न सांगण्यामागे डॉक्टरची कारणे व कुटुंबाची कारणे वेगवेगळी असतात. रुग्ण घाबरेल, घर हवालदिल होईल, औषधावरचा विश्वास उडेल असे डॉक्टरला वाटते. शिवाय वेळही नसतो. कुटुंबात आई-वडील किंवा मोठा भाऊ ‘याला काही सांगू नका, जे सांगायचे ते आम्हाला सांगा’ अशी विनंती करतात. तरुण मुलीच्या बाबतीत हा आग्रह अधिक असतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत अपस्मार हा विवाहाला बाध आणणारा विकार म्हणून नमूद होता. ती तरतूद रद्द झाली, तरी तिच्या मागची भीती घरोघर टिकून आहे. लग्नात आजार लपविला गेला, की सासरी गोळ्या लपूनछपून घ्याव्या लागतात किंवा बंद होतात. झटका आलाच, तर कांदा किंवा चामड्याचा जोडा हुंगविण्यापलीकडे काय करावे हे तेथे कोणाला ठाऊक नसते. ज्या मौनाने मुलीचे हित साधायचे, तेच मौन अशा वेळी तिच्या जिवावर बेतू शकते.

परदेशांतील पाहण्यांत रुग्ण व पालक यांच्यापैकी मोठ्या बहुसंख्येने ही माहिती आपल्याला मिळावी असे सांगितले आहे. ऐकताना काहींना धक्का बसतो. परंतु आजाराच्या इतर माहितीबरोबर व उपायांसह सांगितले असता तो बहुधा टिकत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांतही, वैद्याने रुग्णाच्या स्थितीचे गांभीर्य वाढवून सांगू नये, तसेच कमी करूनही सांगू नये व रुग्ण आणि कुटुंब यांच्या हिताला आवश्यक तेवढे ज्ञान त्यांना झाले आहे याची खात्री करून घ्यावी, असे म्हटले आहे. ‘फिटने कोणी मरत नाही’ हा दिलासा आणि ‘हा केव्हाही जाऊ शकतो’ हा इशारा, ही दोन्ही वाक्ये या कसोटीला उतरत नाहीत. पहिले खोटे आहे. दुसऱ्यात प्रमाणही नाही आणि उपायही नाही.

सांगण्याची पद्धत : ही माहिती निदान निश्चित झाल्यावर लवकरात लवकर द्यावी. पहिल्या झटक्याने घर हादरलेले असेल, तर पुढील भेटीत नक्की बोलायचे असे ठरवून तशी नोंद केसपेपरवर करावी. सुरुवात प्रश्नाने करणे श्रेयस्कर असते : या आजाराविषयी घरात काय ऐकले आहे, सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. ज्यांनी मुलाचा मोठा झटका पाहिला आहे, अशा बहुतेक आई-वडिलांच्या मनात मृत्यूचा विचार त्याच क्षणी येऊन गेलेला असतो. डॉक्टरने तो शब्द उच्चारल्याने तो नव्याने निर्माण होत नाही. त्यानंतर धोका, त्याचे प्रमाण व उपाय या तीन गोष्टी याच क्रमाने व एकाच बैठकीत सांगाव्यात. उदा., मुलाला घेऊन आलेल्या आई-वडिलांना पुढील शब्दांत सांगता येईल : ‘दादा, ताई, एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. या आजारात क्वचित, मोठी फिट आल्यावर श्वास थांबून माणूस अचानक दगावू शकतो. हजार रुग्णांमागे वर्षाला एखाद्याला असे होते. बाकी नऊशे नव्याण्णवांना होत नाही. फिट येणे थांबले, की ही भीती खूप कमी होते. म्हणून एकही गोळी चुकू द्यायची नाही आणि रात्री फिट आली, तर त्याला कुशीवर वळवून पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसायचे.’ सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याने काय समजून घेतले ते त्याच्याच शब्दांत विचारावे. ‘हजारात एक’ या आकड्याचा अर्थ काहींना ‘आपल्याला नाही’ असा, तर काहींना ‘आपल्यालाच’ असा वाटतो. दोन्ही गैरसमज तेथेच दूर करता येतात.

प्रौढ रुग्णाच्या आजाराची माहिती नातेवाइकांना देण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी आणि त्याला बाहेर बसवून केवळ नातेवाइकांशी बोलणे टाळावे. गोळी त्यालाच घ्यायची असते. अविवाहित तरुणीशी तिच्या इच्छेप्रमाणे काही वेळ एकटीशी बोलण्याची सोय असावी. खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा कामगाराला, निदान एका विश्वासू सोबत्याला आजार सांगण्यास उद्युक्त करावे. मुलांच्या बाबतीत प्रथम पालकांशी बोलावे. दहा-बारा वर्षांच्या पुढील मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे औषधाचे कारण सांगावे. पालकांनी धास्तीने मुलाची शाळा, खेळ व मित्र बंद करू नयेत, हेही त्याच वेळी स्पष्ट करणे आवश्यक असते. हा संवाद एकदाच करून संपत नाही. औषध बदलताना किंवा कमी करताना, शिक्षणासाठी घर सोडताना, लग्न ठरताना आणि गरोदरपणी गोळ्या बंद करण्याचा विचार मनात येतो तेव्हा, तो पुन्हा करावा लागतो.

प्रतिबंध : मोठे झटके थांबविणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय होय. फेनोबार्बिटल, फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, सोडियम व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरॅसिटम इ. औषधांपैकी रुग्णाला योग्य ते औषध नियमित घेतल्यास सु. सत्तर टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. झटके आटोक्यात नसलेल्या रुग्णांवरील औषधचाचण्यांच्या २०११ मधील एकत्रित विश्लेषणात, परिणामकारक मात्रेत जादा औषध मिळालेल्यांमध्ये आकस्मिक मृत्यूचे प्रमाण निष्क्रिय गोळी मिळालेल्यांच्या सु. एक-सप्तमांश इतकेच आढळले. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबत नसतील, तर त्या रुग्णाला विशेष केंद्राकडे पाठवावे. अशा काही रुग्णांत शस्त्रक्रियेने झटके थांबविता येतात. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून व मुंबईसारख्या शहरांतही अशा शस्त्रक्रिया होत आल्या आहेत.

रात्री त्याच खोलीत कोणी झोपत असल्यास धोका कमी होतो, असे दिसून आले आहे. झटक्याची सूचना देणारी मनगटी व बिछान्यातील उपकरणे उपलब्ध आहेत. परंतु त्यांनी मृत्यू टळतो असे अद्याप सिद्ध झालेले नाही. झटका आला असता रुग्णाच्या आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटके थांबताच त्याला कुशीवर वळवावे, नाक-तोंड उशीत वा गादीत दबलेले नाही हे पाहावे व श्वास नीट चालू आहे की नाही हे पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाहत राहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक काळ टिकला, शुद्ध न येता दुसरा झटका आला किंवा श्वास दिसत नसला, तर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करावे. विहीर, तलाव, चूल, उंच शिडी व यंत्रे यांपासून जपण्याचा सल्ला स्वतंत्रपणे द्यावा; त्या मृत्यूंचे कारण वेगळे असले, तरी तेही झटक्यांमुळेच ओढवतात.

मृत्यूनंतरचा संवाद : असा मृत्यू घडल्यावर कुटुंबाशी बोलण्याची जबाबदारी संपत नाही. सकाळी अंथरुणात, बहुधा पालथ्या स्थितीत, मृत्यू झाल्याचे आढळते. जीभ चावल्याच्या खुणा असू शकतात. अकस्मात मृत्यूची पोलीस चौकशी पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शवपरीक्षा व कार्यकारी दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी यांची तरतूद आहे. आजाराची माहिती एका घराला असते आणि दुसऱ्याला नसते, तेव्हा विषप्रयोगाचा किंवा छळाचा संशय दोन घरांत कायमचे वैर निर्माण करू शकतो. पूर्वीचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या व झटक्यांची नोंदवही अशा वेळी तपासाला दिशा देतात. नातेवाईक शवपरीक्षेला सहसा तयार नसतात. ती शिक्षा नसून उत्तर मिळविण्याचा मार्ग आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागते. मात्र अपस्मार होता, एवढ्यावरून मृत्यूचे अन्य कारण शोधणे तपासयंत्रणेने सोडून देऊ नये. सर्व कारणे वगळल्यानंतरच हे निदान होते.

शोकग्रस्त आई-वडिलांचे प्रश्न बहुधा ठरावीक असतात : त्याला वेदना झाल्या का, आम्ही त्या रात्री जागे असतो तर तो वाचला असता का, आमची काय चूक झाली. झटक्यात शुद्ध नसल्याने वेदना जाणवत नाही, हे खात्रीने सांगता येते. जवळ असूनही प्रत्येक मृत्यू टळत नाही, हेही खरे आहे. रुग्णालयातील देखरेखीखालीही असे मृत्यू घडले आहेत. ज्या कुटुंबाला धोका आधी सांगितला होता त्याला दुःख तेवढेच होते. परंतु आपल्याला अंधारात ठेवले गेले ही भावना त्यात मिसळत नाही. घरात दुसऱ्या कोणाला अपस्मार असेल, तर त्याच्या उपचाराचा आढावा याच सुमारास घ्यावा.

महाराष्ट्रात रुग्ण व कुटुंबे यांना एकत्र आणणारे स्वमदत गट आहेत. पुण्यातील संवेदना फाउंडेशन व मुंबईतील सम्मान हे त्यांपैकी होत. इंडियन एपिलेप्सी असोसिएशन ही संस्था देशपातळीवर कार्य करते. १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन, तर फेब्रुवारीतील दुसरा सोमवार हा आंतरराष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी होणाऱ्या व्याख्यानांतून व शिबिरांतून अपस्मार बरा होऊ शकतो हे सांगितले जाते. नियमित औषधाने तो आटोक्यात ठेवणे हेच आकस्मिक मृत्यूपासूनचे मुख्य संरक्षण आहे, ही माहितीही त्याच प्रसंगी देता येते.